मुंबई बंदरातील तेलवाहू जहाजे आणि सुरक्षा-नियमांची जडणघडण

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि मनमाडजवळील पानेवाडीच्या साठवण केंद्रात येणारे इंधन तुर्भ्याहून सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीतून येते आणि तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांना लागणारे बरेचसे कच्चे तेल मुंबई बंदरात जहाजांतून उतरते. बंदरातील तेलहाताळणीच्या नियमांचा इतिहास म्हणूनच केवळ किनाऱ्यावरील अभ्यासकांचा विषय ठरत नाही. नियम नव्हते म्हणून नव्हे, तर असलेले नियम बाजूला सारले गेले म्हणून मुंबईने मोठी किंमत मोजली, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात घासलेट पत्र्याच्या डब्यांतून येत असे. १८९२ मध्ये 'म्युरेक्स' हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले आणि जहाजाच्या टाक्यांतूनच सुटे तेल आणण्याचा मार्ग मोकळा झाला. कालवा कंपनीने घातलेल्या सुरक्षेच्या अटी पूर्ण होतील अशा बेताने या जहाजाची रचना केली होती, ही बाब लक्षणीय आहे. भारतात पेट्रोलियमविषयक कायदे १८८६ व १८९९ मध्ये झाले. पुढे १९३४ चा कायदा आला व तोच आजही लागू आहे. त्याची मांडणी 'फ्लॅश पॉइंट'वर, म्हणजे ज्या किमान तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते त्यावर, आधारलेली आहे. २३ अंश सेल्सिअसखाली पेटणारे तेल 'अ' वर्गात, ६५ अंशांपर्यंतचे 'ब' वर्गात आणि ९३ अंशांपर्यंतचे 'क' वर्गात मोडते. या कायद्याची व १८८४ च्या स्फोटक द्रव्य कायद्याची अंमलबजावणी एकाच खात्याकडे असून त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. बंदरातील तेलाच्या नियमांची सूत्रे समुद्रापासून इतक्या दूर असावीत, याची गंमत वाटते.

मुंबईपुरता विचार करता १४ एप्रिल १९४४ हा दिवस निर्णायक होय. 'फोर्ट स्टिकिन' हे तेलवाहू जहाज नव्हते. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीत त्यात कापसाच्या गासड्या व तेलाची पिंपे भरली गेली. शांततेच्या काळात स्फोटके भर बंदरात पडावांवर उतरवून घेत व असे जहाज गोदीत येऊ देत नसत. युद्धाच्या घाईत ही शिस्त शिथिल झाली. १२ एप्रिल रोजी जहाज मुंबईस पोचले व व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. धोक्याची सूचना देणारा लाल बावटाही त्यावर नव्हता. दुपारी कापसाला आग लागली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. मृतांची संख्या आठशे ते तेराशे अशी सांगितली जाते. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. लोकांच्या बोलण्यात मात्र त्या जवानांपेक्षा जहाजावरच्या सोन्याच्या विटाच अधिक वेळा येतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळात तुर्भ्याला शुद्धीकरण कारखाने उभे राहिले (१९५४-५५) आणि त्यांच्यासाठी बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, तेलाचे धक्के बांधले गेले. खोल पाणी व कारखान्यांची जवळीक ही त्यामागील उघड कारणे. तरीही ज्वालाग्राही माल वस्तीपासून व इतर जहाजांपासून पाण्याने तोडावा, हे १९४४ मध्ये मोडलेले तत्त्व येथे दगडमातीत उतरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अंतराने सर्व प्रश्न सुटत नाहीत. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी झालेली टाकी अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे मिश्रण उरते. डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' व 'किंग हाकोन सातवा' या तीन महाकाय जहाजांवर टाक्या धुताना स्फोट झाले. पाण्याच्या फवाऱ्यातून निर्माण होणारी स्थिर विद्युत हे त्यांचे कारण मानले गेले. त्यानंतरच्या काळात टाकीत निष्क्रिय वायू भरून प्राणवायूचे प्रमाण ८ टक्क्यांखाली ठेवणे मोठ्या तेलवाहू जहाजांना बंधनकारक झाले. १९७८ मध्ये तेलवाहू जहाजे व धक्के यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तेल प्रथम संथ गतीने सोडणे, जहाज व धक्का या दोन्हीकडील जबाबदार व्यक्तींनी तपासणी-यादीवर स्वाक्षऱ्या करणे, या तिच्यातील साध्या गोष्टी. स्वाक्षरी उपचारापुरती उरली की नियम पुन्हा १९४४ च्या बावट्यासारखा गुंडाळला जातो.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी जवाहर द्वीपावरील डिझेलच्या टाकीवर वीज पडली. आग सुमारे तीन दिवस धुमसत होती व तिचा धूर मुंबईतून दिसत होता. वस्तीला मात्र झळ पोचली नाही. ज्या पाण्याने शहर वाचवले, त्याच पाण्यावरून अग्निशामक दलाची माणसे व फेस बेटावर न्यावा लागला.