सुगंधाची भेट कोणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी जवळ आली की दुकानांच्या काचेमागे सुगंधाचे खोके रचले जातात. उटणे, सुगंधी तेल, चंदनी साबण, अत्तराच्या चिमुकल्या कुप्या आणि परफ्यूमचे महागडे संच. भाऊबीजेला काय द्यायचे हे सुचले नाही की यातले एखादे उचलावे, अशी आपली सोय असते. नीट पाहिले तर ही भेट मोठी अजब आहे. साडी दहा वर्षे टिकते, भांडे नातवंडांपर्यंत जाते, आणि मनगटावर लावलेले अत्तर दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाही. तरीही माणसे हजारो वर्षे एकमेकांना सुगंध देत आली आहेत. मग आपण देतो ते नेमके काय? मला विचाराल तर आपण कुपी देत नाही. प्रसन्न होण्याची मुभा देतो. इतिहासात ही मुभा कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आपल्याकडे सुगंध बनवणे ही नुसती हौस नव्हती, ते शास्त्र होते. त्याला ‘गंधयुक्ती’ म्हणत. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत ती आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. ज्योतिषी माणूस, त्यामुळे सुगंधातही त्याने गणित घातले. सोळा द्रव्ये घ्या, त्यांतली कोणतीही चार निवडा, ती एक, दोन, तीन, चार अशा भागांनी उलटसुलट मिसळा, म्हणजे किती सुगंध तयार होतील? त्याचे उत्तर आहे १,७४,७२०. सोळांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार आणि प्रत्येकाची ९६ मिश्रणे, असा तो हिशेब. गणिताच्या इतिहासकारांना हा अध्याय फार प्रिय आहे.

मला मात्र त्या सोळा द्रव्यांची यादी वाचताना निराळीच मौज वाटते. नागरमोथा, वाळा, चंदन, अगरू, तगर, कापूर ही नावे अपेक्षितच. पण त्यांच्या शेजारी ‘शैलेय’ म्हणजे आपले दगडफूल आहे, नागकेशर आहे आणि चक्क धनेही आहेत. म्हणजे राजाच्या अंगाला लावायच्या गंधातली निदान तीन द्रव्ये आज आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात सुखाने नांदत आहेत. सुगंधाची परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा स्वयंपाकघरात डोकवावे.

या शास्त्राला मराठीचाही हात लागलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन ग्रंथ होते. पहिला गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’, आणि दुसरा ‘गंधवाद’. या दुसऱ्या ग्रंथावरची टीका मराठीत आहे! गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला, म्हणजे नामदेव आणि एकनाथ यांच्यामधला. ज्या काळातले मराठी गद्य आपल्याला फार थोडे मिळते, त्या काळात कोणी एक मराठी माणूस सुगंधाची कृती आपल्या भाषेत समजावून सांगत बसला होता. गोड्यांनी आयुष्यभर अशा बारीकसारीक गोष्टींचा माग काढला. तंबाखू, तांबूल, जिलबी, काहीही त्यांना क्षुद्र वाटले नाही. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ संपादून छापले.

गंधसारात सुगंध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्ण द्रवात मुरवायचे, शिजवायचे, त्याचा वास जागा करायचा, तो तीव्र करायचा, धुरी द्यायची, फुलांत ठेवून वासित करायचे. त्यातला ‘बोध’ हा शब्द मला फार आवडतो. जणू द्रव्यात वास झोपलेला असतो आणि त्याला हलकेच उठवायचे असते. हे शास्त्र कशासाठी, तेही ग्रंथकार आरंभीच सांगतो : देवपूजेसाठी, माणसाच्या सुखासाठी, राजाकडून मान मिळावा म्हणून, आणि चतुर स्त्रियांचे मन आनंदित व्हावे म्हणून. सुगंध मनावर काम करतो, हे त्याने गृहीतच धरले आहे. सिद्ध करायची त्याला गरज वाटली नाही.

मोगल बादशहा जहांगीर याचीही तीच समजूत होती. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. खुद्द जहांगीरने आपल्या आठवणींत श्रेय दिले आहे ते तिच्या आईला, म्हणजे आपल्या सासूला. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतताना वर एक तवंग येतो, हे त्या बाईंच्या लक्षात आले. तो थोडा थोडा करून त्यांनी गोळा केला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सारी बैठक दरवळते, आणि हरवलेले मन ठिकाणावर येते, कोमेजलेला जीव पुन्हा ताजा होतो, अशा अर्थाचे बादशहाने लिहिले आहे. त्याने सासूबाईंना मोत्यांची माळ बक्षीस दिली आणि सलीमा सुलतान बेगमने अत्तराला नाव दिले ‘इत्र-इ-जहांगिरी’. गुलाबपाणी गाळण्याची विद्या याच्या कितीतरी शतके आधी अरबांना चांगली अवगत होती, त्यामुळे ‘शोध’ हा शब्द जरा जपून वापरलेला बरा. पण तवंग कोणाच्या नजरेत भरला आणि त्याची नोंद कोणी केली, हे काही कमी महत्त्वाचे नाही.

याच काळात अत्तर दरबारी रिवाजात पक्के बसले. आपल्या मराठी दरबारांतही बैठक संपताना पानाचा विडा, अत्तर आणि गुलाबपाणी द्यायची पद्धत होती. तो मान होता आणि सौम्य सूचनाही होती, की आता आपण यावे. ‘निघा’ असे न म्हणता निघायला सांगण्याची इतकी सुंदर तऱ्हा दुसरी नसेल. इंग्रजांनी राज्य घेतले तसा हा रिवाजही घेतला, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्याचा पायऱ्यापायऱ्यांचा तक्ता केला. संस्थानिकाला व्हाइसरॉयने स्वतःच्या हाताने अत्तर-पान द्यायचे, त्याच्या सरदारांना सचिवाने आणि त्याखालच्यांना उपसचिवाने. अत्तर तेच, पण ते कोणाच्या हातून मिळाले त्यावर माणसाची पायरी ठरे. सुगंधाची भेट ही मोजमापाची पट्टी झाली.

इथवरचा इतिहास सुगंध मिळालेल्यांचा झाला. सुगंधाचा मनावर खरोखर किती परिणाम होतो असे पूर्वजांना वाटे, याचा भक्कम पुरावा मात्र दुसऱ्याच बाजूला आहे. तो सुगंध नाकारलेल्यांकडे पाहिल्यावर दिसतो. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याला मध आणि मांसाबरोबर गंध आणि फुलेही वर्ज्य आहेत. बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी आठ शिले पाळतो, त्यांत माळा, गंध आणि उटी यांचा त्याग येतो. ज्याचे मन सुखाकडे वळू नये अशी इच्छा, त्याच्या नाकापासून आधी सुगंध दूर करायचा. विद्यार्थी ते व्रत संपल्यावर सोडतो, उपासक दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघांचा त्याग मुदतीचा. पण वृद्धहारीत स्मृतीने विधवेला केस सजवणे, तांबूल, गंध, फुले, दागिने आणि रंगीत वस्त्रे वर्ज्य सांगितली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा नियम नोंदवला आहे. याला मुदत नव्हती.

हा नियम मी पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी घरात पाहिला. माझ्या वडिलांची आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि जन्मभर आमच्या वाईच्या घरी राहिली. आळीतले सर्वांत उत्तम उटणे तिच्या हातचे. दसरा झाला की वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला, आंबेहळद असे सारे उन्हात पडे. मग खलबत्त्याचा ठणठणाट, मग वस्त्रगाळ. नागरमोथा जरा जास्त झाला तर ती नुसत्या वासावरून सांगे. वीस-पंचवीस घरी पुड्या जात. नरकचतुर्दशीला आम्हा मुलांना ती पहाटे उठवून रगडून काढी, आणि ती स्वतः सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर साध्या पाण्याने न्हाई. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत मोगऱ्याचे गजरे, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी यांची गडबड चाले. आत्या आत बसून डाळीसाठी कैरी किसत असे. बायकांच्या मनगटाला अत्तर लावण्याचे काम मी लहान असताना हौसेने करीत असे. एकदा मी ती अत्तरदाणी घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. आईने दारातच माझा हात धरला. आत्या हसली आणि म्हणाली, ‘‘अरे, माझ्या हातांना दिवाळीपासनं वास आहे, मला कशाला?’’ चैत्र चालू होता. मला तेव्हा ते खरेच वाटले.

तिला काय नाकारले जात होते, ते विज्ञानाच्या भाषेत आता थोडेफार सांगता येते. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतात आणि मग पुढे जातात. वासाचा संदेश हे ठाणे टाळून भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत जवळजवळ थेट पोचतो. वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. वासाबरोबर जुनी आठवण नुसती येत नाही, तेव्हाची मनःस्थितीही घेऊन येते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. करोनाच्या साथीत ज्यांचा वास गेला त्यांतल्या पुष्कळांनी, चव गेली यापेक्षा सारे जग परके वाटते, अशी तक्रार केली.

पण अमुक तेलाने चिंता जाते, तमुक मेणबत्तीने झोप लागते, असे खोक्यांवर छापलेले असते, ते मात्र मी चिमूटभर मिठाबरोबरच घेतो. वास आवडणे-नावडणे बरेचसे शिकलेले असते. रॅचेल हर्झ या संशोधिकेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकच वास लोकांना दोनदा दिला. एकदा त्याला चीज म्हटले आणि एकदा ओकारी. नाव बदलताच तोच वास रुचकर किंवा किळसवाणा झाला. म्हणजे सुगंधाचा गुण केवळ कुपीत नसतो, तो आपल्याला कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या नावाने दिला गेला त्यातही असतो. मोगऱ्याचा वास आला की माझ्या आईला माहेरचे अंगण आठवे. आत्याला काय आठवत असेल, हे तिला कोणी विचारले नाही. मीही नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हे उदाहरण घ्यायला सांगितले. कागदावरचा ठराव स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे खरे. आमच्या सोसायटीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता सगळ्याच बायकांना बोलावतात. अत्तरदाणी दाराजवळच्या टेबलावर असते आणि एखादी शाळकरी मुलगी येणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटाला बोट लावते. बहुतेकजणी हात पुढे करतात. वयाने मोठ्या असलेल्या एक-दोघी अजून आधी इकडेतिकडे बघतात.