अकोला पश्चिम पोटनिवडणूक (२०२४)

वऱ्हाडातल्या अकोला शहरातील या विधानसभा मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ रोजी व्हायची ठरलेली, पण महिनाभर आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केलेली पोटनिवडणूक. सहा वेळा निवडून आलेले भाजपचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले आणि जागा रिकामी झाली.

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १५१अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची. मात्र उरलेली मुदत वर्षाच्या आत असेल, तर ते बंधन नाही. हे वर्ष मोजायचे कुठून, हाच सगळा वाद. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ला संपत होती. शर्मांच्या निधनापासून मोजले तर वर्ष भरून वर तेवीस दिवस उरतात. निकालाच्या दिवसापासून, म्हणजे ४ जूनपासून मोजले तर सहा महिनेही भरत नाहीत. खंडपीठाने दुसरी मोजणी धरली. काटोलची पोटनिवडणूक २०१९मध्ये याच हिशेबाने थांबली होती.

खर्च वाचला हे समर्थन अकोल्यात लंगडे पडते. २६ एप्रिललाच तिथे लोकसभेचे मतदान होते. केंद्र तेच, उन्हातली रांग तीच. आत आणखी एक यंत्र ठेवायचे होते.

निवडणूक आयोगाची भूमिकाही सगळीकडे सारखी राहिली नाही. पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३मध्ये वारले, लोकसभेचे वर्षाहून अधिक उरले होते, तरी पोटनिवडणूक झाली नाही. हरियाणात कर्नालची जागा मार्च २०२४मध्ये रिकामी झाली, आठ महिनेही उरले नव्हते, तरी मे महिन्यात मतदान झाले. नवे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी यांना आमदार होणे भाग होते. कलमातले शब्द संसदेने स्पष्ट केल्याशिवाय पक्षपाताचा संशय फिटणार नाही.

असा संशय अमेरिकेतही उठतो. तिथे प्रतिनिधिगृहाची रिकामी जागा निवडणुकीनेच भरतात, पण तारीख राज्याचा गव्हर्नर ठरवतो. टेक्सासचे डेमोक्रॅट प्रतिनिधी सिल्व्हेस्टर टर्नर मार्च २०२५मध्ये वारले. रिपब्लिकन गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी मतदान नोव्हेंबरात ठेवले. आपली जागा मुद्दाम रिकामी ठेवली, असा आरोप डेमोक्रॅट नेत्यांनी केला.

अकोला पश्चिमला वर्षभराहून अधिक काळ आमदार नव्हता. २३ नोव्हेंबर २०२४च्या मतमोजणीत काँग्रेसचे साजिद खान पठाण १,२८३ मतांनी निवडून आले.