फोमच्या पट्टीची कुळकथा

स्पोर्ट बाईकची टाकी उचलली की हेडलाइटकडून येणारी प्लास्टिकची जाड नळी एअरबॉक्सला, म्हणजे एअर फिल्टरच्या पेटीला, जिथे टेकते, तिथे काळ्या फोमची पट्टी दिसते. जेमतेम बोटभर रुंद. गाडी जुनी असेल तर हात लावताच तिचा भुगा होतो. रॅम एअरच्या, म्हणजे समोरचा वारा इंजिनात दाबून घेण्याच्या व्यवस्थेच्या, जाहिरातींत वारा घेणाऱ्या तोंडाचे, स्कूपचे, फोटो असतात, या पट्टीचा कुणी काढत नाही. मला मात्र त्या सगळ्या यंत्रणेत हीच पट्टी महत्त्वाची वाटते, आणि तिचं कूळ पार अठराव्या शतकापर्यंत जातं.

१७३२ साली आँरी पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या सीन नदीत काटकोनात वाकवलेली नळी धरली, तोंड प्रवाहाकडे करून. नळीत शिरलेल्या पाण्याला पुढे वाट नव्हती, म्हणून ते वर चढलं. प्रवाह जितका जोरकस, तितकं पाणी उंच. धावत्या पाण्याला अडवलं की त्याचा वेग दाबाच्या रूपाने दिसतो, हे त्या नळीने दाखवलं. विमानांचा हवेतला वेग आजही पितोच्याच नळीने मोजतात. यात एक अट आहे: नळी मध्ये कुठे फुटलेली नको. मध्ये भोक पडलं की दाब तिथूनच निघून जातो.

विमानांच्या इंजिनांनी हे तत्त्व लवकर उचललं. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पंख्याखाली, अगदी हनुवटीवर, कार्ब्युरेटरला हवा देणारं तोंड समोर उघडलेलं असे. मोटारींत ते आलं अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींमुळे. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टमध्ये पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून त्या खोबणींना जाळी लावली आणि तिथून थेट कार्ब्युरेटरपर्यंत नळ्या नेल्या.

आपल्या पट्टीचा खरा पूर्वज मला भेटतो तो पुढच्या वर्षी. १९६५ च्या पाँटियाक जीटीओच्या बॉनेटवरचा स्कूप नुसता शोभेचा होता, बंद. मग विक्रेत्यांच्या काउंटरवर एक जोडसंच मिळू लागला. त्यात कार्ब्युरेटरांभोवती बसवायचं पत्र्याचं तबक आणि तबकाच्या काठावर लावायचा फोम होता. मालकाने स्कूप कापून उघडायचा, तबक बसवायचं आणि बॉनेट लावून घ्यायचं. बॉनेट फोमवर दाबलं गेलं की बाहेरची थंड हवा इंजिनाच्या खोलीतल्या तापलेल्या हवेत न मिसळता सरळ कार्ब्युरेटरात. पुढे पाँटियाकने याच घराण्यातल्या व्यवस्थेला रॅम एअर हे नाव दिलं. घरच्या घरी हवेची वाट सीलबंद करण्याची ही रीत तेव्हापासूनची आहे, असं म्हणायला हरकत नाही.

दुचाकीत हे नाव आधी आलं आणि काम नंतर. सुझुकीच्या १९७२ च्या जीटी ३८० आणि जीटी ५५० वर ‘रॅम एअर’ लिहिलेलं असे, पण ते होतं सिलिंडरच्या माथ्यावर वारा खेळवणारं झाकण. इंजिनात त्यातली हवा जात नव्हती. १९८९ च्या कावासाकी झेडएक्सआर ७५० ला फेअरिंगमधून मागे जाणाऱ्या दोन ठळक नळ्या होत्या, त्याही इंजिनाच्या माथ्याला गार ठेवण्यासाठीच. मग १९९० साली कावासाकीची झेडझेड-आर ११०० आली. १०५२ सीसीच्या या गाडीत समोरची हवा पहिल्यांदा बंद एअरबॉक्समध्ये दाबून घेतली गेली. १९९३ च्या आवृत्तीत एका तोंडाची दोन तोंडं झाली. १९९६ मध्ये सुझुकीच्या जीएसएक्स-आर ७५० ने हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना तोंडं उघडली. २००० च्या झेडएक्स-१२आर मध्ये तर ते तोंड फेअरिंगच्या पुढे काढलेलं होतं, कारण फेअरिंगच्या पृष्ठाला घासून येणारी हवा मंदावलेली असते.

कावासाकीच्या अभियंत्यांचं मोठेपण मला त्या तोंडात दिसत नाही. बंद एअरबॉक्समध्ये दाब वाढवला की कार्ब्युरेटरच्या गाडीत लगेच एक नवं दुखणं उभं राहतं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून वर ढकललं जातं. एअरबॉक्समध्ये दाब जास्त आणि वाटीवर कमी, असं झालं तर पेट्रोल मागे रेटलं जातं, मिश्रण पातळ होतं आणि ऐन वेगात पिस्टन तापतात. म्हणून वाटीची श्वासनळीसुद्धा त्याच दाबाला जोडावी लागली. साध्या गाडीच्या एअरबॉक्सला नुसता पाईप खुपसून रॅम एअर होत नाही, ते यामुळे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत दाबाचे सेन्सर हा हिशेब सांभाळतात.

आता दाब मिळतो तरी किती? ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब अडवला, तर वातावरणाच्या दाबात अर्ध्या टक्क्याहूनही कमी भर पडते. २०० ला सुमारे १.८ टक्के, ३०० ला ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रस्त्यावरच्या वेगात रॅमचा फायदा नगण्यच. मग सांधा कशाला बंद करायचा? कारण हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी उतरते. पट्टी गेलेली असेल तर रेडिएटरवरून आलेली गरम हवा त्या फटीतून एअरबॉक्समध्ये ओढली जाते, विशेषतः गर्दीत, हळू चालताना. शर्यतीच्या ट्रॅकवर पट्टी दाब राखते, आपल्या रस्त्यांवर ती गारवा राखते. मला हे दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं.

पट्टी बदलण्याचं काम घरी होण्यासारखं आहे. इंजिन पूर्ण गार असू द्या. एअर फिल्टर काढलात तर इंजिनाकडे जाणारी खालची तोंडं आधी स्वच्छ कापडाने बुजवा. जुना फोम खरवडून काढा, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पट्टी बंद छिद्रांची घ्या, निओप्रिन किंवा ईपीडीएमची. गादीचा स्पंज चालत नाही, तो पाणी पितो आणि त्यातून हवाही जाते. समोरच्या कडेला टाल्कम पावडर चोळून सांधा एकदा जुळवा आणि परत उघडा. पट्टीवर पांढरी रेघ अखंड उमटली तर सांधा बसला. जिथे रेघ तुटली, तिथे फट आहे. तेवढ्याच जागी आणखी एक थर द्या. सिलिकॉन सीलंट मात्र लावू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला ते फाडून काढावं लागतं आणि त्याचे तुकडे नेमके आत पडतात. नळीच्या आतून टेपही नको. ती सुटली तर वाऱ्याबरोबर फिल्टरवर जाऊन चिकटते.

पुण्याजवळ चाकणला २०१८ मध्ये कावासाकीच्या झेडएक्स-१०आर ची जुळणी सुरू झाली. रॅम एअरच्या गाड्या आता आपल्या घाटांत, आपल्याच पावसात चालतात. तेव्हा सील करण्याच्या भरात नळीच्या आणि एअरबॉक्सच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. समोरून शिरलेल्या पावसाला तेवढीच वाट ठेवलेली असते.