उशिरा रिंगणात उतरलेले

या वीकएंडला जरा घामाचा विषय.

बॉक्सिंगवाल्यांमध्ये एक वाद कायम रंगतो. विशीत पहिल्यांदा ग्लोव्हज चढवलेला माणूस व्यावसायिक रिंगमध्ये टिकेल का? आमच्या संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारातलं साईचं केंद्र बघितलं की वाटतं, खेळ म्हणजे शाळेपासूनच, नाहीतर गाडी सुटली!

इतिहास मात्र वेगळं सांगतो. रॉकी मार्सियानोला व्हायचं होतं बेसबॉलपटू. १९४७ मध्ये शिकागो कब्जच्या निवड चाचणीत डाळ शिजली नाही, मग गडी पूर्णपणे बॉक्सिंगकडे वळला. १९५२ मध्ये हेवीवेट जगज्जेता, आणि निवृत्त झाला तेव्हा ४९ पैकी ४९ लढती जिंकलेला! डिओन्टे वाइल्डर २००५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, जिममध्ये शिरला. मुलीला जन्मतःच पाठीच्या कण्याचा आजार होता, पैसा हवा होता. तीन वर्षांत ऑलिंपिक ब्राँझ, २०१५ मध्ये डब्ल्यूबीसीचं विजेतेपद.

आता हे दोघे उशिरा आले खरे, पण पाटी कोरी नव्हती. अंगात आधीच्या खेळांचा दम होता. (आणि जे उशिरा येऊन हरले त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही, हेही लक्षात ठेवा. आपण डेटावाली माणसं!)

हाच मुद्दा आपल्या मातीतल्या एका बॉक्सरने सिद्ध केला, तोही रिंगच्या बाहेर. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्करात ईएमईमध्ये जवान. बॉक्सिंग व्यावसायिक नव्हे, सैन्यातलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सरचं पायांवाचून काय उरतं? ठोशामागचा जोर पायातूनच तर येतो. म्हणजे करिअर खल्लास.

उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. तिथून खरी दुसरी सुरुवात. खांदे, श्वास आणि मार खाऊनही उभं राहायची सवय, हे सगळं रिंगमधूनच आलेलं असणार. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने प्रवासखर्चाला हातभार लावला. आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम, सुवर्ण! भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राचं वैयक्तिक सुवर्ण यायला अजून ३६ वर्षं होती.

तर सांगायचा मुद्दा असा की, ‘मला उशीर झाला’ म्हणताना आपण फक्त नव्या कामाचे दिवस मोजतो, जुन्या कामाने काय कमावून दिलं ते हिशोबात धरतच नाही. दुसरं म्हणजे, एकटा माणूस दुसरी सुरुवात करत नाही. पाण्यात उतरवणारं कुणी लागतं, तिकीट काढून देणारं कुणी लागतं. ते न मिळाल्याने किती जण काठावरच राहिले असतील, देव जाणे.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आला २०२४ मध्ये. जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. सुवर्णानंतर अर्धशतक उलटून गेलं होतं.

त्यांना उशीर झाला नव्हता हो. झाला तो आपल्याला.