गाडी खाली आणण्याआधी

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. नवी टर्बो हॅचबॅक घेऊन त्याला सहा महिने झालेत. कोथरूड ते हिंजवडी रोज तीच गाडी.

"काका, लोअरिंग स्प्रिंगा मागवतोय. गाडी ३५ मिलिमीटर खाली बसेल. शॉकअप कंपनीचेच राहू देत ना?"

"थांब जरा, सांगतो," एवढंच म्हणालो. खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. त्यात थोडा इतिहास आहे, आणि थोडे बाबाही आहेत. म्हणून म्हटलं इथेच लिहावं, म्हणजे घरातले बाकीचेही वाचतील.

सुरुवात घोडागाडीपासून करू. १८०४ साली ओबादाया इलियट नावाच्या इंग्रज कारागिराने लंबगोल कमानपाट्यांचं पेटंट घेतलं. आजही ट्रकखाली वाकून बघितलंत तर एकावर एक रचलेले पाटे दिसतात, ते त्याच घराण्यातले. या पाट्यांची एक गंमत आहे. खड्डा आला की ते वाकतात, पण वाकताना एकमेकांवर घासतातही. त्या घासण्यात उसळी थोडी जिरते. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरत होतं.

मोटार आली, वेग वाढला आणि पुरेनासं झालं. स्प्रिंग दाबली की ती जोर साठवते आणि सोडली की जवळजवळ सगळा परत देते. म्हणजे खड्डा एकदाच येतो, पण गाडी चार वेळा उडते. यावर फ्रान्समध्ये त्रुफोने उपाय काढला आणि अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा धंदा केला. कात्रीसारखे दोन हात आणि मध्ये घट्ट आवळलेल्या चकत्या. स्प्रिंग हलली की चकत्या घासणार आणि उसळीची उष्णता होऊन जाणार. पुढे चकत्यांच्या जागी तेल आलं. बारीक भोकांतून तेल दाबून पाठवायचं, की झालं काम.

म्हणजे बघा, 'शॉक ॲब्सॉर्बर' या नावातच घोळ आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप फक्त त्या स्प्रिंगला शांत करतो. स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला आवरणारा हातही जोरकस लागतो. पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं मॉरिस ऑली या माणसाकडे आहे. हा रोल्स-रॉइसचा इंजिनियर, १९३० साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे गेला. तिथे त्याने एक चमत्कारिक गाडी बनवली. तिच्यावरची वजनं पुढेमागे सरकवता यायची, स्प्रिंगा बदलता यायच्या. मग माणसं बसवायची, रस्त्यावर न्यायची आणि कुणाचं पोट ढवळतंय ते बघायचं! त्यातून निघालं ते असं: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. कारण खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो आणि मागच्याला नंतर. मागची बाजू उशिरा हलायला लागते, पण जरा भरभर हलली तर पुढचीला गाठते, आणि गाडी होडीसारखी डुलायच्या ऐवजी सपाट वरखाली होऊन थांबते. गाडी मिनिटाला साधारण ६० ते ९० वेळा हलली तर माणसाला बरं वाटतं, कारण आपल्या चालण्याची लय तिच्या आसपासच असते. तेव्हा कंपनीच्या चारही स्प्रिंगा म्हणजे हा असा हिशोब असतो. आपण नुसतं 'खाली' बघून त्या बदलतो, तेव्हा तो हिशोब पुसतो.

मग स्पोर्टी गाडी रोजच्या वापरात ठेवायचीच नाही का? ठेवायची की! फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयची गोष्ट त्यासाठीच सांगतो. १९७४च्या सुमारास आल्फोन्स लोवेनबर्ग आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी जवळजवळ चोरूनच हे काम सुरू केलं. त्यांची पहिली प्रायोगिक गाडी शिरोकोवर बेतलेली होती. खाली बसलेली, दगडासारखी कडक आणि कानठळ्या बसवणारी. वरिष्ठांसमोर ती चालण्यासारखी नव्हती. मग तिला माणसाळवलं. हर्बर्ट शुस्टर या इंजिनियरने गाडी कोपऱ्यात कलू नये म्हणून पुढेमागे अँटीरोल बार घातले आणि स्प्रिंग-शॉकअप यांचा मेळ आराम आणि चपळपणा यांच्या मध्ये कुठेतरी बसवला. गाडी साध्या गोल्फपेक्षा थोडी खाली होती. थोडीच. १९७६च्या जूनमध्ये ती विक्रीला आली तेव्हा ५,००० गाड्या काढायचा बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. लोक तिच्यातून ऑफिसला जायचे, भाजी आणायचे आणि रविवारी घाटात पळवायचे. कडक गाडी मऊ केली म्हणून ती घराघरात गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता माझी गोष्ट. १९९८ साली मी माझ्या जुन्या गाडीच्या स्प्रिंगा नाना पेठेत चक्क कापून घेतल्या. प्रत्येकी दीड वेढा. गाडी झकास दिसायला लागली. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हे तेव्हा माहीत नव्हतं. वर चाकाला उचलायला जागाही उरली नव्हती, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात रबराच्या ठोकळ्यावर धाडकन आदळायची. शॉकअप जुनेच, वर्षभरात तेल गाळायला लागले. त्याच वर्षी बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना हॉस्पिटलमधून त्याच गाडीतून घरी आणलं. पूर्ण रस्ता ते वरची कडी धरून बसले होते. बोलले काहीच नाहीत. पुढच्या तपासणीला मात्र त्यांनी रिक्षा बोलावली. "रिक्षा बरी रे, तुला कशाला सुट्टी घ्यायला लावू." मला ते खरंच वाटलं होतं. खरं कारण समजायला दोन वर्षं लागली, तोवर बाबा नव्हते.

असो.

तर बाबा रे, माझं म्हणणं इतकंच. ३५ नको, २० पुष्कळ झाले. स्प्रिंगा घेशील तर त्यांच्यासाठीच बनवलेले, आखूड दांड्याचे शॉकअप बरोबर घे. पैसे कमी पडत असतील तर दोन्ही थांबव, एकच करू नकोस. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घे. आणि आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचार, कारण गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. तुझ्या कुणा मित्राने अशी गाडी केली असेल तर आजीला तिच्यात मागे बसवून एक चक्कर मारून आण.

"कशी वाटली?" असं मात्र विचारू नकोस. ती "छान" म्हणणार. तिचा हात कडीवर जातो का, तेवढं आरशातून बघ.