आतड्याचा तीव्र रक्तरोध

आतड्याला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद पडल्याने, किंवा रक्त परत नेणारी नीला तुंबल्याने, उद्भवणारी आणीबाणी. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘मेझेंटेरिक इस्कीमिया’. कॅज्युअल्टीत पोटदुखी घेऊन येणाऱ्यांत हा आजार क्वचितच सापडतो. पण सापडला तर उपचारांनंतरही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात.

वरची आंत्रधमनी जवळपास सगळे लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग पोसते. महाधमनीतून ती तिरकी खाली उतरते, त्यामुळे हृदयातून सुटलेली गुठळी सहज तिच्यात शिरते. सुमारे निम्म्या रुग्णांत कारण हेच असते. एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असलेले वृद्ध यात जास्त. भारतात मात्र ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप आकसलेले तरुणही असतात. काहींची धमनी चरबीच्या थरांनी आधीच अरुंद झालेली असते. जेवणानंतर पोट दुखते म्हणून खाणे कमी केलेले, वजन उतरलेले, असे हे रुग्ण. नीलेतील गुठळीचे दुखणे काही दिवस हळूहळू वाढते. आयसीयूत रक्तदाब घसरलेल्यांची धमनी गुठळीविनाही आवळते.

निदानाची किल्ली एका विसंगतीत आहे. रुग्ण वेदनेने तळमळतो, पण पोट दाबून पाहावे तर मऊ. सोबत उलट्या आणि एकदोन जुलाब होतात, आणि ‘गॅस्ट्रो’ म्हणून सलाईन लागते. अशा वेळी मनगटावरची नाडी नीट मोजावी. ती अनियमित लागली तर गॅस्ट्रोचे निदान तिथेच थांबवावे. पोट कडक होते तेव्हा आतडे बहुधा मेलेले असते. सुरुवातीला रक्तातले लॅक्टेटही नॉर्मल येऊ शकते, त्यावर विसंबून रुग्णाला घरी धाडणे घातक. शंका आली की लगेच सीटी अँजिओग्राफी करावी. मूत्रपिंडाच्या क्रिएटिनिन तपासणीच्या रिपोर्टसाठी ती अडवू नये. आतड्याचे आतले अस्तर काही तासांतच झडू लागते.

शिरेतून द्रव, रक्त गोठू न देणारे हेपरिन आणि प्रतिजैविके तत्काळ सुरू करतात. गुठळी शस्त्रक्रियेने किंवा कॅथेटरने काढतात. धमनी उघडून गुठळी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अनुभव कॅनडाचे सर्जन क्लास यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केला. मेलेला भाग कापावाच लागतो. काळवंडलेला पण शंकास्पद भाग राखून 24 ते 48 तासांनी पोट पुन्हा उघडून पाहतात. फारच थोडे आतडे उरले, तर पुढे दीर्घकाळ शिरेवाटे पोषण द्यावे लागते.