फुलदाणीमागचे हात



फुलांची किंमत नारायणगावकरांना मी सांगायला नको. तोडलेले फूल बाजार गाठेपर्यंत टिकले तर पैसा, नाही तर खत. आज मी चारशे वर्षे न कोमेजलेल्या एका गुच्छाविषयी बोलणार आहे.

हॉलंडमध्ये हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात अँब्रोसियस बोस्चार्ट याचे सुमारे १६१८ सालचे एक स्थिरचित्र आहे. खिडकीच्या कमानीत काचेचे पात्र, त्यात भरगच्च फुले, शेजारी शिंपले, मागे निळसर मुलूख. जाणकार म्हणतात, सौंदर्य क्षणभंगुर आहे हा याचा बोध. बोध खरा; पण चित्रातील वस्तू आल्या कोठून, हेही विचारले पाहिजे.

प्रथम फुले. ट्यूलिप वसंतात फुलते, गुलाब उन्हाळ्यात. म्हणजे हा गुच्छ कोणाच्याही घरात कधीच नव्हता! चित्रकाराने ऋतूऋतूंत एकेक फूल निरखून टिपले आणि मग एकत्र मांडले. ती महिनोन्‌महिन्यांची मेहनत आहे.

मग शिंपले. ते दूरच्या उष्ण समुद्रांतले. बोस्चार्टची बरीच वर्षे मिडलबर्ग बंदरात गेली. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे ते एक मोठे ठाणे. याच कंपनीने १६३७ साली आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली. त्याच वर्षी हॉलंडात ट्यूलिपच्या कांद्यांचा सट्टा कोसळला. शिंपला शोभेचा खरा, पण तो आणणारे जहाज खलाशांनी हाकले होते.

शेवटी काच. वाळू आणि लाकडाची राख भट्टीत वितळवायची, तो तप्त गोळा नळीच्या टोकावर घ्यायचा आणि छातीतल्या श्वासाने फुगवायचा. हे काम किती अवघड, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काच कारखाना निघाला. भांडवल जनतेचे होते; पण भट्टीपुढे कोणाला तरी उभे राहावेच लागले.

चित्रावर बोस्चार्टची आद्याक्षरे आहेत, आणि ती योग्यच आहेत. माळी, खलाशी, काचकामगार यांची नावे मात्र कोठेच नाहीत. चित्राचा आनंद जरूर घ्यावा. तो घेताना हे हातही मोजावेत. जो समाज वस्तूंची किंमत करतो आणि हातांची करीत नाही, त्याने चित्र अर्धेच पाहिले.